दाराचा तुकडा

क्वालविक, १८ सप्टेंबर १९५५

चि. स्यूर यास आईचे आशीर्वाद.

तुझी बोट ट्रोम्सोहून सुटायच्या आत हा डबा तुझ्या हाती पडावा म्हणून घाईने लिहिते आहे. दोरा कापू नकोस, गाठी सोड. चांगला दोरा आहे, उन्हाळ्यात परत आण.

धक्क्यावर तू हसत हसत जे सांगितलंस ते माझ्या डोक्यातून जात नाही. बेटावरच्या हवामान ठाण्यात हिवाळा काढायला माणसं निवडणाऱ्या डॉक्टरांनी कागद दिला, तुम्ही कसे आहात ते लिहा म्हणून, आणि तू आपली उत्तरं न लिहिता बाबांची लिहिलीस. एकटं बसायला आवडतं. गर्दी नको वाटते. मोकळ्या वेळात चित्रकोडी लावतो. स्यूर, तू जन्मात एक चित्रकोडं पुरं लावलेलं नाहीस. जेवणाआधीची प्रार्थना संपेपर्यंत तुझे पाय टेबलाखाली गप्प राहत नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, तुकडे जुळवत बसणारा माणूस स्वभावाने शांत, तो तिथला हिवाळाभराचा अंधार सोसतो. नाचगाण्याला धावणारा तिथे मोडतो. ते शिकलेले आहेत, त्यांना कळत असेल. पण मग तू तिथे खोट्यावर गेला आहेस, आणि जूनपर्यंत परतीची बोट नाही, ही गोष्ट मला झोपू देत नाही. बाबांना म्हटलं तर म्हणाले, "गेला तर गेला. आता काय बोट मागे वळवतेस?"

म्हणून हा डबा पाठवते. चर्चच्या मिशनला मदत म्हणून आम्ही बाजार भरवतो, त्यासाठी कुणी दिलेलं हजार तुकड्यांचं कोडं आहे. असं कोडं विकायच्या आधी आम्ही बायका ते एकदा पुरं लावून बघतो आणि झाकणावर 'पूर्ण' लिहून खाली सही करतो, म्हणजे घेणाऱ्याची फसगत होत नाही. हे मीच लावलं, सही माझी आहे. पिवळं घर, बर्चची झाडं, अंगणात वाळत घातलेले कपडे, असं उन्हाळ्यातलं चित्र आहे.

रोज थोडं लाव. कागदावर लिहिलंस तसा हो. खोटं मागे घेता येत नसेल तर ते खरं करून दाखवावं, एवढाच मार्ग मला दिसतो. देव तुला सांभाळो.

तुझी आई


हवामान ठाणे, ९ ऑक्टोबर १९५५

प्रिय आई,

आमचं सामान उतरवून बोट उद्या परत निघते, तिच्यासोबत हे पत्र. यानंतर माझ्याकडून काही येईल ते एखादी सीलशिकारी बोट वाट चुकून इकडे आली तरच. विमान नाताळला टपालाची थैली वरून टाकतं, पण उचलून काही नेत नाही.

आम्ही तिघं आहोत. प्रमुख आहेत रुस्ताद. हा त्यांचा चौथा हिवाळा. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, "रुस्तादसारखा माणूस म्हणजे नमुना. त्यांच्याकडे बघून राहा." तुझा डबा बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. झाकण दिव्याखाली धरून विचारलं, "ही सही कुणाची?"

"आईची."

"तुझी आई खोटं लिहिते का?"

मी म्हटलं, "दुकानदाराने चुकून जास्त पीठ घातलं तर ती ते परत द्यायला फ्योर्डच्या खाडीचा अर्धा काठ चालत जाते."

"मग ठीक. अपुरं कोडं मी छपराखाली ठेवत नाही."

दुसरा ओडलाइफ, टेलिग्राफवाला. फिनमार्कचा आहे, त्याचं तोंड कधी बंद नसतं. त्याने डॉक्टरांना सरळ लिहून दिलं की कोडी बघितली की मला जांभया येतात. तरी घेतला, कारण ऐन वेळी दुसरा कुणी मिळाला नाही. पहिल्याच दिवशी त्याने रुस्तादांचा पाइप पिठाच्या डब्यात लपवला. सापडला तेव्हा मी हसलो, ओडलाइफ हसला. रुस्ताद पुढे दोन दिवस बोलले नाहीत.

माझं काम स्वयंपाक, कुत्री आणि वाऱ्या-पावसाच्या नोंदी. कोडं रुस्तादांनी एका फळीवर मांडलं आहे. ते आधी चारी कडा लावतात, मग तुकडे आकाराप्रमाणे वेगळे करतात. ओडलाइफ हाताला येईल तो तुकडा घेतो आणि जबरदस्तीने बसवून बघतो, मग शिव्या खातो. मी तुझ्या आज्ञेप्रमाणे रोज लावतो, पण उभ्याउभ्या, जाता-येता एकेक. रुस्ताद म्हणाले, "तू कागदावर बरा बसत होतास." 

दोऱ्याच्या गाठी सोडल्या. बाबांना सांग, इथली मासळी त्यांच्या पिंपातल्यापेक्षा वाईट आहे.

तुझा स्यूर


क्वालविक, ४ डिसेंबर १९५५

चि. स्यूर यास आशीर्वाद.

विमानाच्या थैलीसाठी पत्र इथून आजच निघायला हवं. सोबत लोकरीचे मोजे, तपकिरी चीज आणि नाताळची बिस्किटं आहेत. बिस्किटं तिघांनी सारखी वाटून घ्या. वरून पडताना फुटली असली तर चुरा कॉफीत घाला, टाकू नका.

तुझं पत्र बाबांना दोनदा वाचून दाखवलं. रुस्तादांचं ऐकून ते म्हणाले, "हा माणूस चांगला नाविक झाला असता." मला मात्र तसं वाटलं नाही. आमच्या मिशनच्या मंडळात कोडी लावणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या आहेत. एकीचे हात चालू असले की तिचं मन निवतं. ती निम्मं कोडं तसंच टाकून गाई दोहायला जाते आणि उद्या हसत परत बसते. दुसरीला निम्मं कोडं म्हणजे घशात अडकलेला काटा. तो निघेपर्यंत तिला घास उतरत नाही आणि घरच्यांनाही उतरू देत नाही. कोडी आवडतात का असं विचारलं तर दोघीही हो म्हणतील. डॉक्टरांनी दोघींना एकाच रकान्यात घातलं असतं. तुझे रुस्ताद कुठल्या तऱ्हेचे, ते बघ.

आणि ऐक, कोडं संपवायची घाई करू नका. हळूहळू लावा. उन्हाळ्यापर्यंत पुरलं तर उत्तम. त्या डब्याबद्दल एक सांगायचं होतं, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू आलास की सांगेन. काळजीचं काही नाही.

येशूच्या जन्माचा आनंद तुमच्या त्या खोलीतही येवो. तिघांसाठी प्रार्थना करते, ओडलाइफसाठीसुद्धा. त्याला म्हणावं, मोठ्या माणसांचे पाइप लपवू नयेत.

तुझी आई


हवामान ठाणे, १६ मार्च १९५६

प्रिय आई,

इंजिन बिघडलेली एक सीलशिकारी बोट काल आसऱ्याला आली. दुरुस्त होऊन उद्या दक्षिणेला जाते आहे. कप्तानाला हे पत्र रुस्तादांच्या नकळत देणार आहे. नीट वाच.

कोडं जानेवारीत संपलं. एक तुकडा नव्हता. पिवळ्या घराचं दारच नाही. सगळं घर आहे, पायऱ्या आहेत, आणि दाराच्या जागी फळीचं लाकूड दिसतं. रुस्तादांनी जमीन झाडून काढली, राख चाळली, पीठ चाळलं, कुत्र्यांच्या अंगाखालचं गवत उपसलं. मी म्हटलं, बाजारातलं कोडं आहे, आधीपासूनच नसेल. त्यांनी झाकण माझ्यापुढे ठेवलं. "तुझी आई खोटं लिहिते का?" मी काय म्हणणार? नाही म्हटलं. बायबलवर हात ठेवून नाही म्हटलं.

मग त्यांनी खिसे दाखवायला सांगितले. ओडलाइफने खिसे उलटे केले आणि म्हणाला, "मी खाल्ला. मीठ कमी होतं." आई, तो नेहमीचा चावटपणा होता. पण त्या दिवसापासून रुस्ताद त्याच्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. जे सांगायचं ते मला सांगतात आणि मी दोन हातांवर बसलेल्या माणसाला ते पुन्हा सांगतो. त्यांनी त्याचं अंथरूण उसवून बघितलं. बंदुकांचे खटके काढून आपल्या पेटीत ठेवले. फळी अजून टेबलावर आहे, आम्ही मांडीवर ताटल्या घेऊन जेवतो. मी एकदा म्हटलं, एका तुकड्यात एवढं काय आहे? तर म्हणाले, "तुकड्याचं नाही. तीन माणसांत एक खोटं बोलतो आणि त्याच्या शेजारी मला झोपायचं आहे."

ओडलाइफ आता हसत नाही. "स्यूर, मी नाही रे घेतला," असं त्याने मला तीनदा सांगितलं. गेल्या आठवड्यात तो बाहेर असताना मी त्याच्या कोटाचं अस्तर चाचपून बघितलं. माझीच मला लाज वाटली. पण तुझा शब्द खरा असेल तर त्याचा खोटा आहे, तिसरं काय असणार?

आता रुस्तादांनी ठरवलं आहे की ईस्टर झाला की ओडलाइफने उत्तर टोकाच्या झोपडीत जायचं आणि तुकडा कुठे आहे ते आठवेपर्यंत तिथे राहायचं. तारयंत्र ते स्वतः सांभाळतील, त्यांना येतं. त्या झोपडीची शेगडी फुटलेली आहे. अस्वलं त्याच वाटेने जातात. बंदूक द्यायची की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मी म्हटलं, तुला तार करून विचारू. ते म्हणाले, ठाण्याची घाण हवेतून सगळ्या किनाऱ्याला ऐकवायची नाही.

नाताळच्या पत्रात डब्याबद्दल काही सांगायचं राहिलं म्हणालीस, ते मनात घोळतं आहे. तू मला फक्त एवढं कळव, ते कोडं पूर्ण होतं ना?

स्यूर


क्वालविक, बुधवार, २८ मार्च १९५६

स्यूर, बाळा,

नव्हतं. तुकडा माझ्याकडे आहे.

किनाऱ्याच्या बोटीने तुझं पत्र आज दुपारी आलं. वाचलं आणि अंगावरच्या एप्रननिशी धावत निघाले. उद्यापासून ईस्टरची सुट्टी, तारघर बंद. तारा पाठवणारी पेत्रा कुलूपच लावत होती. मी म्हटलं, "उघड. लांब तार आहे." ती म्हणाली, "तोरबोर्ग, तू आणि लांब तार? नवरा गेला की काय?" मी म्हटलं, "मोन्स ठीक आहे. लिही." रुस्तादांच्या नावे सांगितली ती तार अशी:

'चित्रातील दाराचा तुकडा माझ्याकडे आहे. मी मुद्दाम काढून ठेवला. झाकणावरचा शब्द त्याआधीचा. खोडायला विसरले. चूक सर्वस्वी माझी. ओडलाइफने काही घेतले नाही. देवासाठी त्याला झोपडीत पाठवू नये. स्यूरची आई.'

पेत्रा लिहिता लिहिता थांबली. "कशासाठी काढलास?" तेव्हा मला सांगावं लागलं, आणि आता तुलाही सांगते. या किनाऱ्यावर घरचा माणूस लांबच्या समुद्रावर निघाला की बाई त्याच्या वस्तूतलं काहीतरी मागे ठेवून घेते. कोटाचं एक बटण, हातमोज्याच्या जोडीतला एक. अपुरी वस्तू आपल्या उरलेल्या भागाकडे परत येते, असं म्हणतात. पुरुषांना हे सांगायचं नसतं. पाद्रीबुवा याला अंधश्रद्धा म्हणतील आणि ते बरोबर असेल. प्रार्थना करणाऱ्या बाईला बटणाची गरज का पडावी? पण बाबांच्या प्रत्येक हेरिंग मासळीच्या मोसमात मी बटण ठेवलं आहे. तुझा डबा बांधताना मी दाराचा तुकडा काढला. दार माझ्याकडे राहिलं तर तू त्या दाराने घरी येशील, असं मनात आलं. झाकणाकडे माझं लक्षही गेलं नाही. आणि तुला मात्र खोट्यावर उपदेश लिहून पाठवला.

शनिवार. उत्तर नाही. गावभर झालं आहे, पेत्राच्या पोटात काही राहत नाही. आज चर्चच्या पायऱ्यांवर खुद्द पाद्रीबाईंनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या कानाशी म्हणाल्या, "धाकट्याचा एक मोजा माझ्याकडेही आहे. ह्यांना बोलू नका."

ईस्टर सोमवार. पेत्रा घरी तार घेऊन आली. रुस्तादांची आहे. एवढीच:

'दार उघडे की बंद. रुस्ताद.'

ओडलाइफचं नाव नाही. तुझंही नाव नाही. बाबांनी तार वाचली आणि म्हणाले, "ह्या माणसाने मागितलं तेवढं आधी देऊन टाक." मी पेत्राला सांगितलं, लिही, 'उघडे.' ती म्हणाली, "एकच शब्द? आलीस शुद्धीवर." मग मी म्हटलं, पुढे लिही, 'ओडलाइफ कुठे आहे.'

मंगळवार. शिकारी बोटीने जाणारी थैली बंद होते आहे. उत्तर नाही. तुकडा माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. तो आता मला बघवत नाही.

आई


हवामान ठाणे, ६ मे १९५६

प्रिय आई,

'दोघे आत' ही आमची तार तुला मिळालीच असेल. बाकीचं आता लिहितो, शिकारी बोटी परतायला लागल्या आहेत.

हवा चांगली दिसली म्हणून रुस्तादांनी ईस्टरची वाट बघितली नाही. बुधवारी सकाळीच ओडलाइफला पाठवलं. बंदूक दिली, एवढं मी भांडून मिळवलं. तो स्की बांधताना मला म्हणाला, "तुझ्या आईला कळव, मी पाइप परत केला होता." त्या संध्याकाळी तारयंत्रावर रुस्ताद स्वतः बसले होते. तुझी तार त्यांनी आपल्या हाताने उतरवून घेतली. ओडलाइफने घेतली असती तर मेले तरी त्यांनी ती खरी मानली नसती.

मला त्यांनी काही सांगितलं नाही. तार खिशात घातली आणि फळीसमोर जाऊन बसले. रात्रीपासून वादळ सुरू झालं. पुढचे दिवस दार उघडता येत नव्हतं. ते जेवले नाहीत. मला वाटलं ओडलाइफवरचा राग अजून गेला नाही. सोमवारी वारा जरा पडला तेव्हा त्यांनी ती तार माझ्यापुढे ठेवली आणि अंगात कोट चढवला.

मी म्हटलं, "ही बुधवारची आहे."

"हो."

"तुम्ही बुधवारपासून गप्प आहात?"

"काय बोलू? तू सांग."

मी सोबत येतो म्हटलं. म्हणाले, "नोंदी चुकल्या तर बोटी बुडतात. तू बस." मग यंत्रापाशी जाऊन तुला तो दाराचा प्रश्न पाठवला आणि कुत्री घेऊन निघून गेले. वादळ पुन्हा उठलं.

आई, मी एकटा बसलो. मी, ज्याचे पाय गप्प राहत नाहीत. ठरल्या वेळी बाहेर जायचं, आकडे घ्यायचे, ते कसेबसे खटखट करून पाठवायचे. आकड्यांपलीकडे मला येत नव्हतं, आणि ओडलाइफ कुठे आहे याचं उत्तर तरी काय देणार होतो? किनाऱ्यावरच्या टेलिग्राफवाल्याने तुझं 'उघडे' माझ्यासाठी इतक्या सावकाश पाठवलं की एकेक अक्षर मी पेन्सिलीने कोरल्यासारखं लिहिलं. उरलेल्या वेळात मी कोडं मोडलं आणि पुन्हा लावलं. खरंच, बसून लावलं. हाताला तेवढंच काम होतं, नाहीतर मी त्यांच्यामागे निघून गेलो असतो आणि कुणीच राहिलं नसतं.

ते गुरुवारी आले. कुत्र्यांच्या बरोबरीने रुस्ताद बर्फावरची घसरगाडी ओढत होते, ओडलाइफ गाडीवर बांधलेला. झोपडीचं छप्पर एका बाजूने बसलं होतं, त्याखाली तो बंदूक आणि सुके मासे घेऊन पडून होता. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. रुस्तादांचे गाल काळे पडले होते. उंबऱ्यातच विचारलं, "उत्तर आलं?"

"उघडे," मी म्हटलं.

ते खाली बसले. त्यांना मी रडताना बघितलं, ते कुणाला सांगू नकोस. गाडीवरून ओडलाइफ म्हणाला, "उघडं असेल तर मला आत घ्या ना रे, की पाऊल पुसून यायचं?"

दोघांमध्ये सगळं ठीक आहे असं मी लिहिणार नाही. ओडलाइफ पूर्वीसारखा चावटपणा करत नाही, आणि रुस्ताद त्याला कॉफी आणून देतात तेव्हा तो आधी थोडा थांबतो. पण टेबलावर तिघं जेवतो. रुस्तादांनी राजीनामा लिहून ठेवला आहे. डॉक्टरांना मीही लिहिलं आहे, की त्या कागदावरची उत्तरं माझी नव्हती.

फळीवरचं चित्र मोडायचं नाही, असं रुस्तादांनी ठरवलं आहे. वर दुसरी फळी ठेवून तुझ्याच दोऱ्याने बांधलं आहे. विचारतात, ते तुझ्या घरी आणलं तर चालेल का? मला भीती वाटते, तू काय म्हणशील.

स्यूर


क्वालविक, १० जून १९५६

(ट्रोम्सो बंदर, बोटीवरून उतरणाऱ्या स्यूरला द्यावे)

चि. स्यूर यास आशीर्वाद.

तिघांनीही यायचं. वरची खोली झाडून ठेवली आहे, बाबा ताजी मासळी आणतील. ओडलाइफला जिना चढवणार नाही, त्याचं अंथरूण स्वयंपाकघरालगत घालते. त्याच्या त्या पायापुढे मला काय बोलावं सुचत नाही. माफी मागणार आहे, आणि त्याने ती दिली नाही तरी जेवायला वाढणार आहे.

रुस्तादांना म्हणावं, शेवटचा तुकडा तुम्ही लावायचा नाही. तो ओडलाइफ लावेल. तुम्ही शेजारी बसून बघायचं. त्याने वेळ लावला तरी बसायचं. जमेल का, आधीच विचार.

झाकण विसरू नका. सगळ्यांदेखत त्या 'पूर्ण' शब्दावर काट मारायची, असं मी ठरवलं होतं. पेन्सिलही काढून ठेवली होती. मग बाबा म्हणाले, "तुकडा बसल्यावर कशाला खोडतेस?"

तुझी आई